किनाऱ्यावरच्या घरात बॉल पायथनची पेटी

प्रश्न थोडक्यात असा. मालवणजवळ खाडीकाठी कौलारू घर आहे. पहिला पाळीव साप म्हणून वर्षभराचा, सहाशे-सातशे ग्रॅमचा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) घ्यायचं ठरलंय. विकणाऱ्याने दोन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, लाल बल्ब आणि तळाला चिकटवायची हीटिंग मॅट असा संच देऊ केलाय. तो चालेल का? नसेल तर सुताराकडून काय बनवून घ्यावं? आणि शेवटी एक पुस्ती: तोवर हात बसावा म्हणून परड्यातली धामण महिनाभर ठेवली तर?

धामणीचं आधी मिटवून टाकू. नाही ठेवायची. अजगर, धामण, मांडूळ, नाग हे आपल्या रानातले साप वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. महिनाभर काय, हौसेने एक रात्र बरणीत ठेवणं हासुद्धा गुन्हा. बॉल पायथन परदेशी असला तरी तोही मोकळा सुटलेला नाही. तो साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पुढे तो मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. विकणारा ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. पेटीचा विचार कागद हातात आल्यावर.

आता संच. तो वाईट आहे असं नाही, तो दुसऱ्या हवेसाठी केलेला आहे. सापांच्या पेट्यांची बहुतेक माहिती इंग्लंड-अमेरिकेतून येते. तिथे हिवाळ्यात खोली पंधरा-अठरा अंशांवर, हवा कोरडी. त्यामुळे तिथल्या माणसाची सगळी धडपड ऊब आणि ओलावा पेटीत कोंडून ठेवण्याची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवेतली आर्द्रता ८५ ते ९५ टक्के, कपाटातल्या चामडी चपलेवर पांढरी बुरशी. मे महिन्यात बंद खोली ३४ अंशांवर. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला, तेव्हा आपली हवा त्याला बऱ्यापैकी मानवते. पण तिथे तो उंदरांच्या नाहीतर वाळवीच्या बिळात शिरून उन्हापावसापासून बाजूला होतो. पेटीत त्याला बाजूला होता येत नाही. म्हणून कोकणातल्या पेटीची पहिली दोन कामं: हवा खेळती ठेवणं आणि उन्हाळ्यात न तापणं. ऊब तिसऱ्या क्रमांकावर.

आकडे लक्षात ठेवा. गरम टोकाला सापाच्या पाठीच्या उंचीवर ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २५ ते २७, रात्री कुठेही २३ च्या खाली नको. आर्द्रता ५५ ते ७५ टक्के. ३५ अंशांच्या वर पेटी तासन्‌तास राहिली तर जिवावर बेतू शकतं. थंडीत साप सुस्त होतो, खाणं सोडतो आणि तुम्हाला सावरायला वेळ देतो. उष्णता तो वेळ देत नाही.

यात एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. पावसाळ्यात हीटर लागतो, पण मुख्यतः हवा कोरडी करण्यासाठी. बाहेर २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीत ३० अंशांपर्यंत तापवली, तर त्यात पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ७१ टक्क्यांच्या आसपास येते. चार अंशांत जवळपास वीस टक्के. मात्र झरोके पुरेसे असतील तरच हे होतं. बंद पेटीत ऊब दिली की भांड्यातलं नि अंथरणातलं पाणी वर चढतं आणि काचेला आतून घाम फुटतो. ‘हीटर लावूनसुद्धा ओल जात नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा दोष झरोक्यांचा असतो.

पेटीचं माप आणि सामान

पूर्ण वाढलेली मादी चार ते पाच फूट होते, नर थोडा लहान. ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच ही पेटी आयुष्यभर पुरते. अडीच फुटी पिल्लाला ती मोठी होईल, साप घाबरेल, असं सांगितलं जातं. घाबरतो तो उघड्या मोकळ्या जागेला. लपणं आणि आडोसे भरपूर ठेवले तर लहान साप मोठ्या पेटीत नीट राहतो.

काचेची टाकी बाजूला ठेवा, ती फेकू नका, पुढे उपयोग आहे. लाल बल्ब मात्र परतच करा: साप रात्री अंधारातच हवा, आणि अंधारातली ऊब उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरने मिळते.

साधा कमर्शियल प्लाय किनाऱ्यावर दुसऱ्या पावसाळ्यात कडांना फुगतो आणि वाळवीला आमंत्रण. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या आणि कापलेली प्रत्येक कड सील करा. आमची पसंती १८ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी फोम बोर्डला, ज्याच्या हल्ली स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बनतात. कुजत नाही, वाळवी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. घेताना घनता विचारा: ०.५५ किंवा ०.६० चा घ्या, त्याहून हलक्यात स्क्रू धरत नाहीत. दोष एकच, तापल्यावर तो मऊ पडतो. त्याची काळजी हीटर बसवताना.

८ × ४ फुटांच्या एका शीटमध्ये अख्खी पेटी बसते. शीटचे आडवे चार तुकडे करा, प्रत्येकी ४ × २ फूट. तीन तुकडे म्हणजे तळ, छत आणि पाठ. चौथा मधोमध कापला की दोन बाजू. त्या दोन बाजूंची खोली १८ मिलिमीटरने कमी करून घ्या, म्हणजे पाठ त्यांच्या मागच्या कडांवर बसते आणि तळाच्या बाहेर येत नाही. बाजू आणि पाठ तळ-छताच्या मध्ये उभ्या राहतात. आतली रुंदी मग ११८३ मिलिमीटर भरते. समोर खाली १०० मिलिमीटरची पट्टी (अंथरण अडायला) आणि वर ५० मिलिमीटरची पट्टी लागेल. या दोन शीटमधून निघत नाहीत, सुताराच्या उरलेल्या तुकड्यांतून मागा. करवतीची धार प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खाते, तेव्हा सगळी मापं आधी आखून मग कापायला सांगा.

जोड: ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडून ५० मिलिमीटरचे ३०४ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, दर १५ सेंटीमीटरला एक, आणि बाहेरून पाऊण इंची ॲल्युमिनियमचा अँगल. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत एका पावसात तांबडे होतात आणि पुढच्या वर्षी डोकं तुटून हातात येतं. आतले सांधे साध्या सिलिकॉनने भरा, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. बाथरूमसाठीचं बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन नको. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवा.

दारं म्हणजे ५ मिलिमीटर काचेची दोन सरकती तावदानं, दुकानातल्या शोकेसला असतात तशा चॅनलमध्ये. वरचं चॅनल खोल, खालचं उथळ, म्हणजे काच उचलून बाहेर काढता येते. दोन्ही काचा मधोमध ३० मिलिमीटर एकमेकींवर याव्यात. काचांचं माप मात्र चौकट उभी राहिल्यावरच घ्या. शोकेसचं दातेरी कुलूप हवंच. साप नाकाने काच रेटतो आणि रात्रभर रेटत राहतो. पेन्सिल जाईल एवढी फट कुठे उरली तर ती पिल्लाला पुरते असं समजा.

झरोके नवखे हमखास चुकतात. दोन्ही एकाच उंचीवर ठेवले तर हवा हलत नाही. थंड टोकाच्या बाजूला अंथरणाच्या जरा वर एक, ३० × ६ सेंटीमीटर. गरम टोकाच्या बाजूला छताजवळ दुसरा, तेवढाच. गरम हवा वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालून ताजी येते. पाठीला वरच्या भागात तिसरा झरोका ठेवा आणि त्यावर सरकती पट्टी बसवा: जून ते ऑक्टोबर उघडा, डिसेंबर-जानेवारीत बंद. जाळी स्टेनलेसची, दोन मिलिमीटर भोकाची. डासांची नायलॉन जाळी उंदीर कुरतडतो, लोखंडी गंजते. जाळीची कापलेली कड पट्टीखाली दाबून टाका. साप त्याच कडेवर नाक घासून रक्त काढतो.

हीटर आणि थर्मोस्टॅट

संचातली मॅट या पेटीला उपयोगाची नाही. १८ मिलिमीटरच्या फोम बोर्डाखाली लावली तर ऊब वर येत नाही, मॅटच खाली तापून बसते. काचेच्या टाकीला ती ठीक, तीही थर्मोस्टॅटशिवाय (ठरल्या तापमानाला वीज आपोआप चालू-बंद करणाऱ्या डबीशिवाय) कधीच नाही.

पेटीत ६० वॅटचा सिरॅमिक हीटर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, गरम टोकाला छतावरून लटकता. बेकेलाइटचा होल्डर भाजून भुगा होतो. होल्डरमागे छताला ॲल्युमिनियमचा पत्रा लावा आणि दोहोंमध्ये एक-दीड सेंटीमीटर मोकळी जागा सोडा, म्हणजे बोर्ड मऊ पडणार नाही. हीटरभोवती चहूबाजूंनी तारेचा पिंजरा हवा. बॉल पायथन वर चढतो आणि ऊब सापडली की तिला वेटोळं घालतो. भाजतंय हे कळून पटकन दूर होण्याची अक्कल सापाच्या अंगात कमी असते. पोटाचे खवले भाजून निघेपर्यंत तो तिथेच बसून राहतो.

परदेशी तक्त्यात या मापाला १०० वॅट किंवा जास्त दिसेल. घेऊ नका. कारण सरळ आहे: स्वस्त थर्मोस्टॅटची रिले, म्हणजे आतला विजेचा स्विच, आज ना उद्या चिकटते, आणि चिकटली की हीटर चालूच राहतो. हीटर एवढाच असावा की तसं झालं तरी साप मरणार नाही. याची चाचणी साप आणण्याआधी करा. थर्मोस्टॅट काढून हीटर थेट चार तास चालू ठेवा आणि थंड टोक मोजा. ते ३२ च्या आत राहिलं तर वॅट बरोबर. पलीकडे गेलं तर ४० वॅट घ्या.

थर्मोस्टॅट म्हणून एसटीसी-१००० हा २३० व्होल्टचा सगळीकडे मिळणारा नियंत्रक पुरतो. तो नुसता चालू-बंद करतो, वीज स्वतः देत नाही, म्हणून जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. त्यात पहिली नोंद ३१ अंश आणि दुसरी, म्हणजे फरक, १ अंश ठेवा. ३० ला हीटर लागतो, ३१ ला सुटतो. त्याचीच दुसरी बाजू, थंड करण्याची, ३२ ला चालू होते; तिला १२ व्होल्टचा संगणकातला ८० मिलिमीटर पंखा जोडून तो वरच्या झरोक्याच्या बाहेरून, हवा बाहेर ओढेल असा बसवला की उन्हाळ्यात आपोआप हवा फिरते. एकाच डबीत दोन्ही कामं. बाहेरची खोलीच तापली असेल तर मात्र पंखा काही थंडावा आणणार नाही, हे ध्यानात असू द्या.

थर्मोस्टॅटची टोपी, म्हणजे तापमान घेणारं टोक, हीटरच्या खाली अंथरणापासून चार बोटं वर, क्लिपने पक्कं. लोंबकळत ठेवलं तर साप ते ढकलून थंड कोपऱ्यात नेतो किंवा पाण्याच्या भांड्यात पाडतो, आणि हीटर पेटीभर आग ओकत बसतो. क्लिपच, चिकटपट्टी नाही. पेटीच्या आत कुठलीही चिकटपट्टी नको, सेलोटेप तर नकोच. सापाच्या अंगाला चिकटलेली पट्टी ओढली की खवल्यांसकट निघते. चुकून चिकटलीच तर खोबरेल तेल चोळत, अर्धा तास लागला तरी चालेल, हळूहळू सोडवा.

वायर पेटीतून आधी खाली झुकवून मग सॉकेटकडे वर न्या, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटात जात नाही. त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) असू द्या. गणपती झाले की प्लग उपसून पितळी पिना बघा. हिरवा चिकटा धरला असेल तर घासा, नाहीतर बदला.

मोजण्यासाठी दोन डिजिटल थर्मामीटर-आर्द्रतामापक, प्रत्येक टोकाला एक. काट्याचे गोल मापक निव्वळ शोभेचे. डिजिटलसुद्धा तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात चिखल होईल एवढंच पाणी, ते आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ८१ दाखवत असेल तर त्यावर ‘उणे ६’ अशी चिठ्ठी लावा आणि पुढे चला.

आतला संसार

अंथरण कोकणात फुकटात मिळेल असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. भाताचा तूस टोचतो, खाण्याबरोबर तोंडात जातो आणि ओल लागताच बुरशी धरतो. सागाच्या भुशाची बारीक धूळ श्वासाला वाईट. पुळणीवरची वाळू खारट. परड्यातला पातेरा नैसर्गिक दिसतो, पण गोचीड आणि मुंग्या घेऊन येतो. नारळाच्या काथ्याचा भुसा चांगला, फक्त खाडीत कुजवलेल्या सोडणाचा असेल तर त्यात मीठ असतं. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, पिळून, कडक उन्हात वाळवून मग वापरा. ऑक्टोबर ते मे पाच-सहा सेंटीमीटरचा थर द्या. पावसाळ्यात तो सगळा काढा आणि वर्तमानपत्राच्या सहा-सात घड्या अंथरा. दिसायला गरिबी, पण ओल लगेच दिसते आणि दोन मिनिटांत बदलता येते. ओल्या भुशावर आठवडाभर बसलेल्या सापाच्या पोटाखालचे खवले आधी तपकिरी, मग लालसर होतात आणि पुढे फोड येतात. ही आपल्या हवेतली नेहमीची दुखापत.

लपणं दोन, दोन्ही अगदी सारखी, एक गरम टोकाला आणि एक थंड. एकच दिलं तर साप ऊब आणि सुरक्षितपणा यांतून सुरक्षितपणा निवडतो, मग पचन बिघडलं तरी बेहत्तर. मडकं अर्धं कापून ठेवण्याची टूम आहे. कच्ची माती आपल्याकडे पाणी पिऊन हिरवी होते. त्यापेक्षा काळ्या प्लॅस्टिकचं उथळ भांडं पालथं घालून कडेला दार कापा. साप आत वेटोळं करून बसला की त्याचं अंग भिंतींना लागलं पाहिजे, एवढंच मोठं. हा वाढेल तशी भांडी बदला. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून तिच्यावरून बोट फिरवा; तुमच्या बोटाला टोचलं तर त्याच्या पोटालाही टोचणार.

तिसरं, ओलं लपण फक्त थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे वारे कोरडे असतात, त्यात हीटर चालतो आणि पेटी पन्नास टक्क्यांखाली जाते. तेव्हा झाकणाच्या डब्यात पिळून घेतलेला काथ्या ठेवा. डोळे दुधाळ झाले की कात येतेय असं समजायचं. कात एकसंध निघाली पाहिजे, डोळ्यांवरच्या दोन काचांसकट आणि शेपटीच्या टोकासकट. राहिलेली डोळ्याची काच नखाने काढायला जाऊ नका.

पाण्याचं भांडं जड आणि थंड टोकाला. गरम टोकाला ठेवलं की तो आर्द्रतेचा कारखाना होतो. पावसाळ्यात लहान वाडगं, उन्हाळ्यात साप अंग बुडवून बसेल एवढं. खाडीजवळच्या विहिरीला खार लागत असेल तर घरी पिता तेच पाणी. साप दिवसचे दिवस पाण्यात बसू लागला तर भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत का बघा. असले तर ते गोचिडीचे भाऊबंद, सापाच्या अंगावरचे माइट समजा.

घरात पेटी कुठे

माळ्यावर नाही. कौलांखाली मे महिन्यात काय होतं ते माळ्यावर आंबे पिकत घालणाऱ्याला सांगायला नको. पश्चिमेच्या भिंतीला नाही, खिडकीत तर नाहीच: उन्हात काचेची पेटी काही मिनिटांत सापाला मारण्याएवढी तापते. स्वयंपाकघर आणि देवघरही नको. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, हात साबणाने धुवावे लागतात. आणि उदबत्ती-धूप त्याच्या फुप्फुसाला सोसत नाही. चिऱ्याच्या भिंतीची, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच स्टँड मावेल अशी मधली खोली उत्तम. जमिनीला टेकवू नका, पावसात लादीतून ओल येते, आणि भिंतीपासून चार इंच दूर ठेवा.

मुंग्यांसाठी जुन्या फडताळाचाच उपाय: स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास. मुंग्यांचा खडू, झुरळांचा फवारा, डासांची कॉइल, लिक्विडची बाटली, डांबरगोळ्या यांतलं काहीही त्या खोलीत नको. खडू-फवाऱ्यातली कीटकनाशकं सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात. आणि फिनेल! घरोघरी लादी फिनेलने पुसतात, सवयीने कोणीतरी पेटीही पुसतं. ती अजिबात पुसू नये. पेटीसाठी एक भाग साधं ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाणी आणि वास जाईपर्यंत वाळवणं. घरच्यांना हे स्वतः सांगा, चिठ्ठी लावून भागत नाही.

जुन्या घरांत आतल्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत, वर मोकळं असतं. म्हणजे एका खोलीतून सुटलेला साप साऱ्या घरात सुटलेला. सुटलाच तर दारं लावा, फटीजवळ तांदळाच्या पिठीची पातळ पट्टी ओढा आणि रात्री अकरानंतर बॅटरी घेऊन फिरा. फ्रिजची मागची बाजू, इनव्हर्टरखाली, रचलेल्या गोणपाटांत, अशा उबदार अंधाऱ्या जागा आधी. शेजारच्यांना त्याचा फोटो आधीच दाखवून ठेवलेला असू द्या. आपल्याकडे ‘जनावर’ दिसलं की पहिल्यांदा काठी येते, आणि अंगावर ठिपके म्हटल्यावर सगळे घोणसच समजतात. उलटंही तेवढंच खरं: पेटीबाहेर अंधारात दिसलेला ठिपक्यांचा साप आपलाच म्हणून हात घालू नका. फुरसं आणि घोणस त्याच घरात येऊ शकतात. खात्री नसेल तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.

ऋतूप्रमाणे

मार्चअखेर हीटर बटणावर न ठेवता प्लगमधूनच काढा. मे महिन्यात दुपारी पेटी ३४ ओलांडायला लागली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून थंड टोकाला, बाहेरून, खालच्या झरोक्याजवळ लोंबेल अशी ठेवा. पेटीत पाणी फवारू नका, दमट उष्णता आणखी वाईट. तरी उतरत नसेल तर सापाला सुती पिशवीत घालून गाठ मारा आणि न्हाणीघरात, लादीवर, सावलीत ठेवा.

पावसाळ्यात वीज जाणारच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. त्याने घाबरू नका. पावसाळ्यात खोली २४-२६ वर असते आणि धडधाकट साप तेवढ्यात काही दिवस हीटरशिवाय आरामात काढतो. अट एकच, त्या काळात खायला घालायचं नाही. उबेशिवाय पोटातला उंदीर पचत नाही, कुजतो, आणि साप तो ओकून टाकतो. एका उलटीने तो कित्येक आठवडे मागे जातो. आकाश भरून आलेलं असेल तर ठरलेला वार चुकवा. फ्रीजरमधले उंदीर एकदा वितळले की परत गोठवायचे नाहीत, पुरून टाका.

पावसाळ्यात रोज एकदा काच बघा. सकाळी अर्ध्यावर घाम असेल तर भांडं लहान करा, तिसरा झरोका उघडा, पंखा दर तासाला पंधरा मिनिटं टायमरवर लावा. सापाने तोंड अर्धवट उघडं ठेवणं, श्वासाला शीळ येणं, नाकपुडीशी बुडबुडे, डोकं सतत वर धरणं ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. घरगुती उपायात दिवस घालवू नका. तालुक्याचे पशुवैद्य गुरं-कुत्र्यांत तरबेज असतात, सरपटणाऱ्यांचा अनुभव असेलच असं नाही. मुंबई-पुण्याच्या किंवा गोव्याच्या बाजूच्या अशा डॉक्टरचा नंबर साप आणण्याआधी मिळवून ठेवा.

पेटी तयार झाली की दहा दिवस रिकामी चालवा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, दोन्ही टोकांचं तापमान नि आर्द्रता वहीत लिहा. एखाद्या दुपारी आकडा भलता आला तर तो आत्ताच आलेला बरा. मग साप सोडा आणि सात दिवस हात लावू नका, काचेवर टिचक्याही नकोत. पहिल्या रात्री तो काचेला नाक लावून पेटीची तपासणी करील, तुमच्या चॅनलची परीक्षा तीच. आठव्या दिवसानंतर खाणं. नाही घेतलं तर दहा दिवस थांबून पुन्हा.

आणि ती दोन फुटी काचेची टाकी. जाळीच्या झाकणाला दोन क्लिपा लावा, तळाला मॅट थर्मोस्टॅटसकट, एक लपण, एक वाडगं, अंथरायला पेपर. मोठी पेटी धुऊन वाळेपर्यंत, आजारपणात वेगळं ठेवायला, किंवा वादळाचा इशारा आला आणि घर सोडून शाळेत जावं लागलं, तर साप याच टाकीत जाईल. झाकणावर आतल्या प्राण्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, आणि खाली ‘बिनविषारी’.